नकाराचा अधिकार

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हातून बरे झालेले अनेक जण आज या सभागृहात बसले आहेत. त्यांच्या नावाने बोलायचं तर वैद्यकाने काय काय साधलं यावर बोलणं सोयीचं झालं असतं. मी आज वैद्यकाच्याच पोटातला एक प्रश्न घेऊन आलो आहे. प्रत्येक औषध, प्रत्येक लस कधीतरी कोणावर तरी पहिल्यांदा वापरली गेली. तो माणूस कोण होता, त्याला कोणी विचारलं होतं का, आणि तो नाही म्हणाला असता तर त्याचं काय झालं असतं?

मी डॉक्टर नाही. एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर गेली काही वर्षं काम करतो. माणसांवर होणारं कुठलंही वैद्यकीय संशोधन या समितीच्या मंजुरीशिवाय सुरू करता येत नाही. समितीत डॉक्टर असतात, कायद्याचा जाणकार असतो आणि एक सामान्य नागरिक असावाच लागतो. त्या जागेवर मी बसतो. तिथे समोर येणाऱ्या कागदांमागे सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो वाचताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. संमतीची खरी परीक्षा नकारात होते. नकार देणाऱ्याचं काही बिघडणार नसेल, तरच होकाराला किंमत आहे. आज मी हा इतिहास याच एका बाजूने सांगणार आहे.

सुरुवात नॉर्वेतल्या बर्गन शहरापासून करतो. आर्मौअर हॅन्सेन हे नाव महाराष्ट्राला परकं नाही. कुष्ठरोगाचा जंतू शोधणारे ते हेच, आणि म्हणून या रोगाला हॅन्सेनचा आजार म्हणतात. जंतू सापडला होता, पण तोच रोगाला कारण आहे हे सिद्ध होत नव्हतं. १८७९ साली हॅन्सेन यांनी रुग्णालयातल्या एका स्त्रीच्या डोळ्यात दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला. ती आधीच कुष्ठरोगी होती, मात्र तिचा रोग वेगळ्या प्रकारचा होता. तिला काहीही विचारलं नव्हतं. प्रकरण न्यायालयात गेलं. तिथे हॅन्सेन यांनी मान्य केलं की आपण परवानगी मागितली नाही, कारण या गोष्टीकडे ती आपल्या नजरेने पाहील अशी खात्री नव्हती. १८८० मध्ये न्यायालयाने त्यांना रुग्णालयातल्या पदावरून दूर केलं. एका मोठ्या शास्त्रज्ञाने विचारलं नाही, कारण उत्तर 'नाही' येण्याची शक्यता होती. पुढच्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणाच्या मुळाशी हीच गोष्ट सापडते.

पुढचं प्रकरण जर्मनीतलं आहे. ब्रेस्लाउ शहरातले प्राध्यापक आल्बर्ट नायसर सिफिलिसवरची लस शोधत होते. १८९२ मध्ये त्यांनी सिफिलिसच्या रुग्णांच्या रक्तातला द्रव इतर कारणांनी दाखल झालेल्या स्त्रियांना टोचला. त्यांत वेश्या होत्या, अल्पवयीन मुलीही होत्या. काहींना पुढे सिफिलिस झाला. तो त्यांना व्यवसायामुळे झाला, असं नायसर यांचं म्हणणं होतं. वर्तमानपत्रांनी गदारोळ केला, चौकशी झाली, त्यांना दंड झाला आणि २९ डिसेंबर १९०० रोजी प्रशियाच्या मंत्र्यांनी रुग्णालयांच्या प्रमुखांना एक आदेश पाठवला. उपचाराव्यतिरिक्त कोणताही प्रयोग अल्पवयीनांवर करू नये, दुष्परिणाम समजावून सांगितल्याशिवाय आणि स्पष्ट संमतीशिवाय करू नये, आणि या सगळ्याची नोंद ठेवावी. माणसांवरील प्रयोगांबाबत सरकारने काढलेल्या अगदी सुरुवातीच्या आदेशांपैकी हा एक.

याच सुमाराला आपल्या मुंबईत प्लेगने थैमान घातलं होतं. वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या सुमारे निम्म्या कैद्यांनी लस घेतली आणि बाकीच्यांशी त्यांची तुलना झाली. लस घेतलेल्यांत प्लेग बराच कमी आढळला. हाफकिन यांनी कैद्यांवर जबरदस्ती केली नाही, हे मी आदराने नोंदवतो. तरीही प्लेग शिरलेल्या तुरुंगात, कुलपाआड असलेल्या माणसाची स्वेच्छा कितपत मोकळी असते, हा प्रश्न त्या काळात कोणाला पडला नाही. तो पडायला आणखी पन्नास वर्षं जावी लागली.

पुन्हा जर्मनीकडे वळू. १९३० साली ल्यूबेक शहरात नवजात बाळांना क्षयरोगाची बीसीजी लस तोंडावाटे देण्यात आली. प्रयोगशाळेत त्या लसीत क्षयाचे जिवंत, घातक जंतू मिसळले गेले होते. अडीचशेच्या आसपास बाळांना ती मिळाली आणि सत्तरहून अधिक बाळं दगावली. ज्युलियस मोझेस नावाचे एक डॉक्टर तेव्हा जर्मन संसदेचे सदस्य होते. रुग्णालयांतल्या गरिबांवर होणाऱ्या प्रयोगांविरुद्ध ते आधीपासून आवाज उठवत होते. ल्यूबेकनंतर त्यांच्या म्हणण्याला जोर आला. फेब्रुवारी १९३१ मध्ये जर्मन गृहमंत्रालयाने सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या. संमती नसेल तर प्रयोग नाही. माणसाच्या गरिबीचा फायदा घेऊन प्रयोग करणं वैद्यकीय नीतीत बसत नाही. लहान मुलांबाबत विशेष खबरदारी घ्यावी. आजच्या नियमावलीत शोभावीत अशी ही कलमं आहेत.

दोन वर्षांनी हिटलर सत्तेवर आला. ज्या देशाकडे या विषयावरचे त्या काळातले सर्वांत काटेकोर नियम होते, त्याच देशात पुढे छळछावण्यांतले प्रयोग झाले. ज्युलियस मोझेस ज्यू होते. १९४२ साली तेरेझिएनश्टाट इथल्या बंदिवासात त्यांचा मृत्यू झाला. नियम झाले की आपलं काम झालं, असं मानणाऱ्या प्रत्येकाने हा तपशील लक्षात ठेवायला हवा. नियम सांभाळणारी माणसं आणि संस्थाच नष्ट केल्या, तर नियमाचा कागद कोणाचंही रक्षण करत नाही.

राव्हेन्सब्रुक ही स्त्रियांची छळछावणी होती. १९४२ च्या उन्हाळ्यापासून तिथे ७४ पोलिश स्त्रियांवर शस्त्रक्रिया सुरू झाल्या. युद्धात सैनिकांच्या जखमा सडतात, त्यावर सल्फाची औषधं चालतात का, हे पाहायचं होतं. निरोगी स्त्रियांच्या पायांवर जखमा करून त्यांत जंतू, लाकडाचे तुकडे आणि काचेचा चुरा घालण्यात आला. काहींची हाडं तोडली. छावणीत त्यांना ससे म्हणत. आता मला सांगायचं आहे ते यापुढचं. या स्त्रियांनी नकार दिला. १९४३ मध्ये त्यांनी छावणीच्या प्रमुखाकडे लेखी निषेध नोंदवला. आम्ही राजकीय कैदी आहोत, आमच्यावर अशा शस्त्रक्रिया करण्याचा हक्क तुम्हाला कोणी दिला, असा त्यांचा सवाल होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काही जणींनी शस्त्रक्रियेसाठी जायला साफ नकार दिला. तेव्हा त्यांना तळघरातल्या कोठडीत नेलं आणि तिथे बळजबरीने, पायांवरची धूळही न पुसता, शस्त्रक्रिया झाल्या. यातल्या काही जणींनी घरी लिहिलेल्या पत्रांच्या कोऱ्या कडांवर लघवीने अदृश्य मजकूर लिहिला आणि बाहेरच्या जगाला बातमी कळवली.

९ डिसेंबर १९४६ रोजी न्यूरेंबर्गमध्ये नाझी डॉक्टरांवरचा खटला उभा राहिला. २३ आरोपी होते, त्यांपैकी २० डॉक्टर. त्याच महिन्यात चार पोलिश स्त्रिया साक्षीला आल्या. याद्विगा जीदो हिने न्यायालयात आपला पाय दाखवला आणि खटल्यातले वैद्यकीय तज्ज्ञ डॉ. लिओ अलेक्झांडर यांनी त्यावरचे व्रण न्यायाधीशांना समजावून सांगितले. या स्त्रियांना मृत्युदंड झालाच होता, प्रयोगामुळे त्या वाचण्याची शक्यता होती, असा युक्तिवाद आरोपींच्या बाजूने झाला. अमेरिकेतही तुरुंगातल्या कैद्यांवर मलेरियाचे प्रयोग झाले आहेत, मग आमचंच काय चुकलं, असंही विचारण्यात आलं. हा दुसरा प्रश्न आरोपींच्या तोंडी शोभत नसला, तरी तो खोटा नव्हता. ऑगस्ट १९४७ मध्ये निकाल लागला. १६ जण दोषी ठरले आणि त्यांतल्या सात जणांना पुढच्या वर्षी फाशी झाली.

त्या निकालपत्रातच दहा कलमं आहेत. त्यांना आपण न्यूरेंबर्ग संहिता म्हणतो. पहिलं कलम सांगतं की प्रयोगात भाग घेणाऱ्याची स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य आहे. नववं कलम सांगतं की प्रयोग चालू असताना पुढे जाणं अशक्य वाटलं, तर तो थांबवण्याची मुभा त्या माणसाला हवी. पहिल्या कलमाची चर्चा नेहमी होते. मला नववं तितकंच मोलाचं वाटतं. एकदा हो म्हटलं म्हणून कायमचा बांधला गेला, असं होत नाही. तळघरात ओढून नेलेल्या त्या स्त्रियांचा नकार या कलमाच्या रूपाने नियमांत उतरला, असं मी मानतो.

१९६४ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेने हेलसिंकी जाहीरनामा स्वीकारला. १९७५ च्या दुरुस्तीत त्यात स्वतंत्र समितीची अट आली. आमच्यासारख्या समित्यांचं मूळ त्यात आहे. पण या दरम्यान अमेरिकेत काय चाललं होतं? न्यूरेंबर्गची संहिता नाझी राक्षसांसाठी आहे, सभ्य डॉक्टरांना तिची गरज नाही, असा समज तिथल्या वैद्यकीय वर्तुळात सर्रास होता. १९६६ मध्ये हार्वर्डचे डॉ. हेन्री बीचर यांनी प्रतिष्ठित संस्थांमधल्या २२ आक्षेपार्ह प्रयोगांची जंत्री छापली, तेव्हा या समजाला पहिला मोठा तडा गेला. त्यांत एका रुग्णालयातल्या आजारी वृद्धांना कर्करोगाच्या जिवंत पेशी टोचल्याचं उदाहरण होतं. पेशी कर्करोगाच्या आहेत हे त्यांना सांगितलं नव्हतं.

आणि टस्कीगी. अलाबामा राज्यातल्या मेकन परगण्यात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ मध्ये एक पाहणी सुरू केली. सिफिलिस झालेले ३९९ आणि न झालेले २०१, असे ६०० कृष्णवर्णीय पुरुष त्यात होते. बहुतेक जण दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे गरीब शेतकरी. उपचार न केल्यास हा रोग कसा वाढतो, हे पाहायचं होतं. त्यांना रोगाचं नाव सांगितलं नाही. तुमचं रक्त खराब आहे आणि आम्ही त्यावर मोफत उपचार करतो, असं सांगितलं. तपासणीच्या दिवशी गाडी यायची, गरम जेवण मिळायचं. मेल्यावर अंत्यविधीचा खर्च मिळायचा. त्याच्या बदल्यात शवविच्छेदनाला कुटुंबाची परवानगी घेतली जायची. पाठीच्या कण्यातून पाणी काढायचं होतं, तेव्हा खास मोफत उपचाराची ही शेवटची संधी आहे, असं पत्र त्यांना गेलं. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हाती आलं आणि सिफिलिस बरा होऊ लागला. या माणसांना ते मिळू नये याची काळजी घेण्यात आली. युद्धकाळात सैन्यभरतीच्या तपासणीत त्यांचा रोग उघड होऊन उपचार सुरू झाले असते, म्हणून त्यांच्या नावांची यादी भरती मंडळाला देऊन त्यांना वगळायला सांगितलं गेलं.

हे ४० वर्षं चाललं, आणि गुपचूप नव्हे. त्यावरचे लेख वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते, डॉक्टर ते वाचत होते. पीटर बक्स्टन नावाच्या त्याच खात्यातल्या एका तरुण कर्मचाऱ्याने १९६६ मध्ये लेखी आक्षेप घेतला. वरिष्ठांनी तज्ज्ञांची बैठक बोलावली आणि १९६९ मध्ये पाहणी चालूच ठेवायचं ठरलं. शेवटी बक्स्टन यांनी कागदपत्रं पत्रकारांकडे दिली. जुलै १९७२ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या जीन हेलर यांची बातमी आली आणि काही महिन्यांतच ही पाहणी बंद झाली. १९७४ मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय संशोधन कायदा केला. त्या कायद्याने नेमलेल्या आयोगाने बेलमाँट अहवाल दिला. माणसाचा आदर, त्याचं हित आणि न्याय, ही त्यातली तीन तत्त्वं. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली.

टस्कीगीत कोणालाही कोठडीत ओढून नेलं नव्हतं. माणसं आपल्या पायांनी गाडीत बसत होती. त्यांच्याकडून नकाराचा अधिकार अज्ञानाच्या आणि गरिबीच्या वाटेने काढून घेतला होता. नाकारायचं काय, हेच ज्याला ठाऊक नाही, तो नकार देणार तरी कशाला? आपल्या देशाकडे पाहताना मला राव्हेन्सब्रुकपेक्षा टस्कीगीची आठवण अधिक होते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, १९८० मध्ये या विषयावर पहिलं धोरणपत्र काढलं. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना त्या समितीचे प्रमुख होते. त्याच सुमाराला परिषदेच्याच दिल्लीतल्या एका संस्थेची पाहणी चालू होती. गर्भाशयमुखावर कर्करोगपूर्व बदल दिसलेल्या १,१५८ स्त्रियांकडे, त्या बदलांचं पुढे काय होतं हे कळावं म्हणून, उपचार न करता लक्ष ठेवलं जात होतं. पाहणी १९७६ मध्ये सुरू झाली होती. लेखी संमती घेतली नव्हती. १९९७ मध्ये हे प्रकरण पत्रकारांमुळे उघड झालं. २००० साली परिषदेची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं आली, पुढे २००६ आणि २०१७ मध्ये ती सुधारली गेली. या सगळ्या काळात मुंबईतून निघणाऱ्या एका नियतकालिकाने मोलाचं काम केलं. १९९३ पासून काही डॉक्टर आणि कार्यकर्ते वैद्यकीय नीतीवरचं हे नियतकालिक चालवत आहेत. आज ते इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स म्हणून जगभर वाचलं जातं.

२००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत किशोरवयीन मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. आपल्याकडच्या आश्रमशाळांसारख्या वसतिगृहांतल्या आदिवासी मुलीही त्यात होत्या. सात मुलींचे मृत्यू झाल्यावर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवण्यात आला. हे मृत्यू लसीमुळे झाले नव्हते, असं चौकशीत म्हटलं गेलं. ही लस उपयुक्त आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा मुद्दा संमतीचा आहे. संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालानुसार आंध्रमधल्या ९,५४३ अर्जांपैकी २,७६३ अर्जांवर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. घरापासून दूर राहणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीने वॉर्डनच्या सहीपुढे नाही कसं म्हणायचं?

आता महाराष्ट्रातलं एक उदाहरण, जे मला अधिक अवघड वाटतं. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने एका आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास केला. खेड्यांच्या ५२ गटांतल्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. कुठल्या गावांत कोणती तपासणी करायची हे सोडतीने ठरलं. एका भागात तपासणी न करता केवळ माहिती देण्यात आली आणि नेहमीच्या सोयी तशाच राहिल्या. तिथे ३१,४८८ स्त्रिया होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे होतात, हे जगाला धाराशिव जिल्ह्यातल्या बायकांमुळे कळलं. गरीब देशांसाठी हे ज्ञान अमूल्य आहे. मात्र ज्यांची तपासणी झाली नाही त्यांचं काय, यावर जगभर कडाक्याचा वाद झाला. त्या भागात तपासणीची सोय आधीही नव्हती, आम्ही काही काढून घेतलं नाही, असं संशोधकांच्या बाजूने सांगितलं गेलं. ते खरं आहे. पण जवळपास तपासणी कुठेच नसेल, तर त्या बाईच्या हो किंवा नाही म्हणण्याने तिच्या आयुष्यात फरक काय पडणार? दुसरा रस्ता उपलब्ध असेल तेव्हाच नकाराला अर्थ येतो. म्हणून गावोगावची साधी आरोग्यसेवा सुधारणं हासुद्धा संशोधनाच्या नीतीचाच भाग आहे, असं मी आग्रहाने म्हणतो.

कायद्याने आपल्याकडे गेल्या काही वर्षांत मोठी मजल मारली आहे. २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची जाहीर नोंदणी सक्तीची झाली. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २०१३ मध्ये नुकसानभरपाईचे व नैतिकता समित्यांच्या नोंदणीचे नियम आले. संमती घेतानाचं चित्रीकरण आलं. २०१९ च्या नियमांनी हे एकत्र केलं. त्यातली एक बारीक तरतूद मला विशेष वाटते. एचआयव्ही आणि कुष्ठरोगावरच्या औषधांच्या चाचणीत चित्रीकरण नको, फक्त आवाज नोंदवला तरी पुरे. रुग्णाचा चेहरा उघडा पडू नये म्हणून.

तरीही वॉर्डात काय घडतं? एकदा समितीच्या वतीने आम्ही संमती घेण्याची पद्धत पाहायला गेलो होतो. नवरा कॉटवर झोपलेला, बायको उशाशी उभी. निवासी डॉक्टर चांगला होता, घाई करत नव्हता. त्याने सगळं वाचून दाखवलं, शाईचा पॅड पुढे केला. बाईंनी अंगठा उचलला आणि तसाच धरून विचारलं, "नाही उठवला अंगठा, तर ह्यांना दुसरीकडं न्यायला लावणार का?" डॉक्टर म्हणाला, "नाही हो मावशी, उपचार चालूच राहतील." त्या म्हणाल्या, "मग मी पोराला इचारते, उद्या सांगते." माहितीपत्रकात हे वाक्य होतं, पण सातव्या पानावर. पुढच्या बैठकीत आम्ही एकच दुरुस्ती सुचवली: नाही म्हटलंत तरी तुमचे उपचार थांबणार नाहीत, हे वाक्य पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, मोठ्या टाइपात छापा.

श्रोतेहो, संशोधन थांबावं असं मी सुचवत नाही. ते वाढायला हवं, आणि आपल्या रोगांवर आपल्या देशात व्हायला हवं. त्यासाठी लोकांचा विश्वास हवा. तो मिळवण्यासाठी मी तीन गोष्टी सुचवतो. पहिली, प्रत्येक चाचणीच्या अहवालात किती जणांनी नकार दिला आणि किती जण मध्येच बाहेर पडले हे छापलं जावं. जिथे शेकडो माणसांना विचारलं आणि एकानेही नाही म्हटलं नाही, तिथे समितीने जाऊन पाहावं. दुसरी, समितीवर बाहेरच्या सदस्यांची नेमणूक ज्या संस्थेचं संशोधन तपासायचं तिच्याच प्रमुखाच्या हाती राहू नये. तिसरी गोष्ट तुमच्या हातातली आहे. तुमच्यापुढे किंवा घरच्यांपुढे असा कागद आला, तर विचारा: हा उपचार आहे की अभ्यास? मला इजा झाली तर खर्च कोण करणार? आणि मी नाही म्हटलं तर काय होईल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ मिळालं नाही, तर सही करू नका.

बर्गनच्या न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंतचा प्रत्येक नियम कोणीतरी सोसल्यानंतर, आणि कोणीतरी बोलल्यानंतर झाला आहे. बोलणारे कधी रुग्ण होते, कधी कैदी, कधी त्याच खात्यातले कनिष्ठ कर्मचारी. त्यांच्यामुळे आज कायदा आपल्याला नाही म्हणू देतो. हा अधिकार आपण वापरला, आणि दुसऱ्याने वापरला तर त्याच्यामागे उभे राहिलो, तर पुढचा नियम करण्यासाठी आणखी कोणाला सोसावं लागणार नाही.